जाहीर आभार

अक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी शाहूपुरीतल्या ऑफिसात होते. आईने फोन लावला होता. मागे कुकरच्या शिट्ट्या होत होत्या, गॅस बंद करायलाही ती उठत नव्हती... मग म्हणाली, "अक्का गेली गं. सकाळी म्हशीला पाणी दाखवलं, दारात टेकली, ती उठलीच नाही." दुपारच्या आत आम्ही दोघी एस.टी.त होतो. तिकीट देताना कंडक्टरने आईच्या चेहऱ्याकडे बघून विचारलं, "मयतीला निघालाय काय?" आईने गावाचं नाव सांगितलं, घर सांगितलं. "म्हंजे त्या शहिदाची आई? आरारा... लई मोठी बाई. इधानसभेत नाव घेतलं की तिच्या पोराचं. सगळं सभागृह उभं राहिलं." आई खिडकीबाहेर बघायला लागली. अनोळखी माणसांशी मला पटकन बोलता येत नाही, आणि तो तर चांगल्या मनाने बोलत होता. पण हे सगळं मी त्या कंडक्टरसाठी लिहिते आहे असं समजा. नाव घेतलं नव्हतं. अक्का ते नाव ऐकायची वाट बघत बसली आणि न ऐकता गेली.

अक्का म्हणजे माझी सख्खी मावशी, आईची मोठी बहीण. तिचं गाव कर्नाटकच्या हद्दीला लागून. तिथे मोठ्या बहिणीला अक्का म्हणतात आणि बऱ्याच घरांत आईला अव्वा. आई तिला अक्का म्हणायची, म्हणून मीही तेच म्हणत आले. गावाचं नाव मी लिहीत नाही, पुढाऱ्यांचंही लिहीत नाही. कोणावर दात ठेवून लिहायला बसलेली नाही. अक्काचा नवरा लवकर गेला. दोन म्हशी, थोडी जमीन आणि मोठा आवाज, एवढ्यावर तिने प्रवीणला वाढवलं. राजारामपुरीतल्या आमच्या फ्लॅटवर ती यायची तेव्हा हातात दुधाची किटली असायची आणि जिन्यातूनच तिची सुरुवात व्हायची, "हाय का कोण घरात, का समदी इंग्लिश शिकायला गेलीत?" माझी शाळा इंग्लिश मीडियमची, त्यावरून ती मला मॅडम म्हणायची. मी गप्प बसले की आईला म्हणायची, "म्हस तरी पान्हा सोडती गं, ही तोंड सोडत न्हाई." मला राग यायचा नाही. आमच्या घरात सगळे मला "बोल की, बोल की" म्हणून ढोसायचे. ती थट्टा करायची आणि मग माझ्याशेजारी बसून आपणच दोघींच्या वाटचं बोलायची.

प्रवीण, तिचा पव्या, तोफखान्यात गाडी चालवायचा. त्यांच्या गावात बहुतेक घरांतून एक तरी माणूस फौजेत आहे, त्यामुळे त्याचं भरती होणं ही काही मोठी बातमी नव्हती. सुट्टीवर आला की तो आमच्याकडे एक रात्र मुक्काम करून पुढे जायचा. माझ्यासारखाच कमी बोलणारा. आम्ही दोघं गॅलरीत नुसते बसायचो आणि ते दोघांनाही पुरायचं. गेल्या उन्हाळ्यात सीमेवर लढाई पेटली तेव्हा त्याचा फोन एकदाच आला. "अव्वा, फोन बंद राहील, काळजी करू नको," एवढंच. वरून ड्रोन फिरत होते म्हणून त्यांच्या गाड्या दिवे बंद करून डोंगरातून दारूगोळा पोचवत होत्या. त्यातली त्याची गाडी दरीत गेली. तो जिवंत सापडला आणि लष्करी रुग्णालयात होता. विमानं बंद होती, म्हणून अक्काचे दीर आणि प्रवीणचा शाळेतला मित्र रणजित रेल्वेने तिकडे निघाले. अक्काला नेलं नाही. ती आमच्याकडे फोनजवळ बसून राहिली.

त्याच दिवसांत एका संध्याकाळी शस्त्रसंधी जाहीर झाली. खाली रस्त्यावर फटाके वाजले. खालच्या मजल्यावरचे काका पेढे घेऊन आले आणि म्हणाले, थांबली एकदाची, आपण जिंकलो. अक्काने पेढा घेतला, कपाळाला लावला आणि तोंडात टाकला. "थांबली न्हवं? मग आता पव्याला घरी सोडतील," ती म्हणाली. तिच्या चेहऱ्याकडे बघवत नव्हतं, इतकी खुशी होती त्यावर... प्रवीण त्यानंतर गेला. लढाई थांबल्यावर.

अंत्यसंस्काराला इतकी माणसं होती की शेताच्या बांधांवर, घरांच्या कौलांवर, दुधाच्या टेम्पोवर, जिथे पाय ठरेल तिथे माणूस होतं. तिरंगा, बंदुकांची सलामी, सगळं झालं. त्या गर्दीत अक्काच्या मागे उभा असलेला एक म्हातारा, तोही निवृत्त फौजी, शेजारच्याला म्हणाला, "लढाई तर थांबलीवती की. गाडी पडून गेला, त्यो अपघात झाला." हळू बोलला होता, वाईट हेतूही नसावा, पण मी अक्काचा हात धरून उभी होते आणि तो हात एकदम गार पडला. त्यानंतर त्या भागातले आमदार, ज्यांना गावात सगळे साहेब म्हणतात, माईकवर आले. ते म्हणाले की येत्या अधिवेशनात सभागृह उभं राहून आपल्या प्रवीणला श्रद्धांजली वाहील. अक्काने मान वर केली. त्या म्हाताऱ्याच्या बोलण्यानंतर तिच्या कानात शिरलेलं हे पहिलं वाक्य असावं. नंतर तिने मला विचारलं, "सभागृह उभं ऱ्हातं म्हंजे समदी उठत्यात? आपल्या साहेबांच्या विरोधातली बी?" मी म्हटलं, सगळे उठतात. "मग झालं," ती म्हणाली. "एवढी माणसं उभी ऱ्हायली म्हंजे त्यो लढाईत गेला. मग कुणी अपघात म्हणायचं न्हाई."

तिला एवढंच हवं होतं. बाकी कशाचीही चौकशी तिने कधी केली नाही.

पावसाळी अधिवेशन सुरू व्हायच्या आधी ती आमच्याकडे येऊन राहिली, कारण गावात नेट टिकत नाही. माझ्या लॅपटॉपवर कामकाज लावलं. आधी सैन्याच्या अभिनंदनाचा ठराव आला. एकेक सदस्य उठून बोलत होता, बाकं वाजत होती, कोणी शेर म्हणत होतं, कोणी शेजारच्या देशाला दम देत होतं. अक्का रंगून ऐकत होती. "काय बोलतंय बघ ते, टोपीवालं!" एकाच्या भाषणावर तर तिने स्वतःच्या मांडीवर थाप मारली. मग शोकप्रस्ताव आला. माजी सदस्यांची नावं, मग लढाईआधीच्या हल्ल्यात गेलेल्या पर्यटकांची, मग जवानांची. प्रत्येक नावाला अक्काचे ओठ हलायचे, जणू पुढचं तिचंच. मग अध्यक्ष म्हणाले की सन्माननीय सदस्यांनी स्तब्ध उभं राहावं, आणि सगळे उठले. अक्काला कळेना. "झालं? पव्या?" मी आवाज वाढवला. "मागं घे की जरा. माझंच ऐकायचं ऱ्हायलं असंल." मी मागे घेतलं. पुन्हा ऐकलं. ती पुन्हा म्हणाली, मागं घे. असं किती वेळा झालं ते मी मोजलं नाही. प्रत्येक वेळी ती तितकीच पुढे वाकून ऐकायची. नंतर कळलं की शोकप्रस्ताव आधीच तयार होऊन छापलेला असतो, त्यात ऐनवेळी नाव घालता येत नाही, आणि यादी लढाई सुरू असतानाच्या दिवसांची होती. साहेबांनी नाव दिलं होतं म्हणे. कुठे अडलं, ते कोणी सांगू शकलं नाही.

लॅपटॉप चालू असतानाच रणजितचा फोन आला. तो गावच्या तरुण मंडळाचा अध्यक्ष. प्रवीणला रुग्णालयातून घरी घेऊन येणारा तोच, आणि त्यानंतर कित्येक दिवस अक्काच्या म्हशींचं शेण काढणाराही तोच. स्पीकर चालू होता. "काकी, झालं न्हवं? गावात पेढं वाटाय लागलोय. फाट्यावर बोर्ड लावलाय, या बघाय. साहेब बी येणार हायत रविवारी." अक्का म्हणाली, "नाव घेतलं न्हाई रं, रणजित." मग तो म्हणाला, "काकी, आवाज तुटतूया तुमचा... करतो नंतर." आवाज तुटत नव्हता. मी तिथेच बसले होते.

आमच्या भागात काहीही झालं की फलक लागतो. वाढदिवस, निवड, दहावीचे मार्क, रस्त्याचं डांबर. आणि काम व्हायच्या आदल्या दिवशीच फलक छापून तयार असतो, कारण काम होताना लागला नाही तर दुसरं कोणीतरी आपला लावून श्रेय घेतं. त्यामुळे रणजितने वेगळं काही केलं नव्हतं. अधिवेशन सकाळी सुरू होणार, साहेबांनी शब्द दिलेला, मग फलक आधीच लागला. एस.टी. थांबते त्या फाट्यावर, घरापेक्षा उंच. वर्दीतला प्रवीण, खाली हात जोडलेले साहेब, कडेने मंडळाच्या पोरांचे लहान लहान चेहरे, आणि मोठ्या अक्षरात – आमच्या वीर सुपुत्रास सभागृहात आदरांजली वाहिल्याबद्दल मा. साहेबांचे जाहीर आभार, समस्त ग्रामस्थ. फलकावरून मजकूर घेऊन कोणीतरी बातमीही छापली. अक्का गावात उतरली ती त्या फलकाखालीच, आणि पहिल्याच बाईने तिच्या पाया पडून म्हटलं, "नशीब काढलंस गं, पोराचं नाव पार इधानसभेत गेलं."

तिने दारोदार जाऊन सांगितलं. नाव घेतलेलं नाही, फलक उतरवा. रणजित खाली बघून म्हणाला, "काकी, पव्याचा फोटो हाय त्याच्यावर. त्याला हात कसा लावू?" सरपंचही तेच म्हणाले, शहिदाचा फोटो खाली उतरवला तर पंचक्रोशी तोंडात शेण घालील. मग तिनेच उतरवायचं ठरवलं. एका भर दुपारी विळा घेऊन ती फाट्यावर गेली. हे तिने मला स्वतः सांगितलं. कोपऱ्यातली दोरी हाताला येत होती. विळा लावला आणि वर बघितलं. "दोरी कापली तर त्यो तोंडावर पडंल गं खाली," ती म्हणाली. "एकदा पडलाय तेवढं बास." ती विळा पदराखाली घेऊन परत आली. त्यानंतर ती फाट्यावर उतरायची नाही. एक थांबा आधीच उतरून शेतातून चालत यायची.

दिवाळीनंतर मी तिला साहेबांच्या शाहूपुरीतल्या कार्यालयात घेऊन गेले. साहेब मुंबईला होते. त्यांचं काम बघणारे गृहस्थ, त्यांना सगळे भाऊ म्हणतात, अक्काला बघून उठून उभे राहिले. "या मावशी, या. आरं, चा सांग." अक्का म्हणाली, "चा नगो. पव्याचं नाव ऱ्हायलंय बघा. हिवाळ्यात तरी घ्या." भाऊंनी माझ्याकडे बघितलं, मग तिच्याकडे. "मावशी, ते काम झालं की. बोर्ड लागलाय तुमच्या फाट्यावर. साहेबांनी सोता बघितलाय."

"बोर्ड लागला. नाव न्हाई घेतलं."

"असं कसं? काम झाल्याबिगार गाव आभार मानंल व्हय?"

बाकावर बसलेली माणसं ऐकत होती. मी म्हटलं, "नाव घेतलं नव्हतं. मी ऐकलंय. रेकॉर्डिंग आहे माझ्याकडे." माझा आवाज मलाच लांबून आल्यासारखा वाटला. माझं बोलणं ऐकून भाऊंनी माझी शाळा विचारली. मी सांगितली. "हां... मग मराठी जरा कच्चंच की ताई तुमचं. सुटलं असंल एखादं नाव." बाकावर हसू फुटलं. मी फोनवर ते रेकॉर्डिंग शोधत होते, तोवर त्यांना दुसरा फोन आला. निघताना ते जिन्यापर्यंत सोडायला आले, अक्काच्या पाया पडले, आणि मला बाजूला घेऊन अगदी मनापासून म्हणाले, "यांस्नी एखाद्या चांगल्या डॉक्टरला दाखवा. पोराच्या दुःखानं माणसाचं असं हुतं."

जिना उतरताना अक्का मध्येच थांबली. मला वाटलं तिला दम लागला. तर ती माझ्याकडे बघून चक्क हसत होती. "सोडला गं बाई पान्हा एकदाचा मॅडमनं!" मग खाली रस्त्यावर आल्यावर, रिक्षा-मोटरसायकलींच्या त्या गोंगाटात, तिने विचारलं, "आता कुणाला सांगायचं?" तिला खरंच उत्तर हवं होतं. मी शिकलेली, म्हणून मला विचारत होती. मला एकही नाव सुचलं नाही... अजूनही सुचलेलं नाही. ज्यांनी करायचं त्यांच्या लेखी ते झालेलं होतं. झालेलं काम पुन्हा मागणारी बाई ही वेडी किंवा हावरट, तिसरं काही असू शकतं हे सांगायला भाषा कुठली वापरायची?

हिवाळी अधिवेशनाला ती पुन्हा आली. तोवर तिच्या पायांवर सूज होती, डॉक्टरांनी हृदय थकलंय म्हणून सांगितलं होतं. रोज सकाळी आंघोळ करून, धुतलेलं लुगडं नेसून ती पुढच्या खोलीत लॅपटॉपसमोर बसायची. प्रश्नोत्तरं, लक्षवेधी, गोंधळ, सभात्याग, सगळं ऐकायची, कारण नाव कुठल्या वेळी येईल याचा नेम नाही असं तिला वाटायचं. मी सांगून बघितलं, ऐकलं नाही. शोकप्रस्तावात कोणा जुन्या सदस्यांची नावं आली, सभागृह उठलं, तशी अक्काही खिडकीची चौकट धरून उठली आणि ते बसेपर्यंत उभी राहिली. आई वैतागली. "अक्का, तू कशाला उठतेस? ओळख ना पाळख. आणि बास कर आता हे. बघून बघून मरशील एक दिवस." अक्का बसता बसता म्हणाली, "त्यांचं बी कोण तरी घरात बसून ऐकत असंल की." आई तणतणत आत गेली आणि लॅपटॉपची वायर काढून ठेवते म्हणाली, पण काढली नाही.

अधिवेशन संपलं त्या दिवशी अक्काने आपली पिशवी भरली. मी स्टँडवर सोडायला गेले. खिडकीतून तिने विचारलं, "परत कवा भरतंय ते?" मी म्हटलं, मार्चमध्ये, बजेटचं. "मार्चात म्हस व्यायाची हाय," ती म्हणाली. "बघू. येतो." गाडी हलली. तेच आमचं शेवटचं बोलणं.

तिच्या बाराव्याला आम्ही गेलो तेव्हा फाट्यावर प्रवीणच्या फलकाशेजारी दुसरा फलक होता. अक्काचा. कुठल्या तरी लग्नातला फोटो कापून घेतलेला, त्यात ती हसते आहे. खाली लिहिलं होतं – ज्यांच्या सुपुत्रास सभागृहाने उभे राहून मानवंदना दिली त्या वीरमातेस भावपूर्ण श्रद्धांजली. मी तिथेच थांबले. रणजित पंगतीच्या पत्रावळी उतरवत होता, मला बघून जवळ आला. मी म्हटलं, "रणजितदादा, तुम्हाला माहीत आहे ना?" त्याने हातातल्या पत्रावळी खाली ठेवल्या. "म्हाईत हाय ताई. पयल्या दिवसापास्नं म्हाईत हाय. त्याच रात्री मी बघिटलंय ते रेकॉर्डिंग." मग त्याचे डोळे भरले. "त्याला मी आणलोय वो तिकडनं. पेटीत कसा होता ते मी बघिटलंय. तिथं नाव न्हाई घेतलं म्हणून हितं बी काढून टाकू? मग ऱ्हायलं काय त्याचं?" मी म्हटलं, अक्काचं काय राहिलं? त्याने मान खाली घातली आणि पत्रावळी उचलून आत गेला. मला त्याचा राग यायला हवा. येत नाही. त्याच्याकडे फलक होता आणि अक्काकडे काहीच नव्हतं, एवढाच दोघांत फरक होता.

परवा बजेटचं अधिवेशन सुरू झालं. मी ऑफिसला गेले नाही. पुढच्या खोलीत लॅपटॉप लावला आणि समोरची खुर्ची रिकामी ठेवून बाजूला बसले. का लावला, मला सांगता येणार नाही. समजा आता घेतलं ते नाव, तर ऐकणार कोण? ज्या एका बाईसाठी ते घ्यायचं होतं ती गेली. यादी वाचून झाली, सभागृह उठलं. मागे काहीतरी हललं म्हणून वळून बघितलं, तर आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. हात कणकेने माखलेले, ते अंगापासून लांब धरलेले, आणि मान खाली. सगळे बसल्यावर तिने हळूच विचारलं, "घेतलं?"

"नाही."

मी लॅपटॉप मिटायला हात पुढे केला.

"राहू दे," आई म्हणाली. "अजून बोलतायत ते."